झारची दाढी

मागील एका अंकांत ऐतिहासिक बोलपटांविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले होते, त्यावर एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. त्या विचारतात, "इतिहासाचे बोलपट घरांतील सर्वांनीं मिळून पाहावेत असें आपण म्हणतां, परंतु ज्या राजाच्या हातून रक्ताचे पाट वाहिले, त्याचा बोलपट सासूसुना आणि लेकरेंबाळें यांनीं एकत्र बसून पाहावा काय? आणि मुलांनीं प्रश्न विचारले तर उत्तरें कोणीं द्यावयाचीं?" प्रश्न रास्त आहे. त्याला शास्त्रार्थ काढून उत्तर देण्यापेक्षां आमच्याच घरीं नुकतेंच जें घडलें तें सांगणें आम्हांस बरें वाटतें.

आमच्या घरीं आज तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात. वडीलधाऱ्यांत थोरल्या काकू, वय ब्याऐंशी. आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, हे हायस्कुलांत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आणि सर्वांत धाकटा नातू, वय अकरा, ज्याला कोणत्याहि गोष्टीचा शेवट आधीं कळावा लागतो. दिवाळीच्या सुटींत माजघराच्या भिंतीवर चादर ताणून मुलांनीं सर्गेई आयझेनस्टाइन या रशियन दिग्दर्शकाचा 'इव्हान ग्रोझ्नी' हा बोलपट लावला. त्याचे दोन भाग आहेत. ते आम्हीं दोन रात्रींत पाहिले. भाषा रशियन, खालीं इंग्रजी अक्षरें. काकूंसाठीं धाकटी सून शेजारीं बसून अर्थ सांगत होती. तसें फारसें सांगावें लागलें नाहीं, तें पुढें येईलच.

प्रथम या इव्हानची ओळख करून देणें अवश्य आहे. मॉस्कोच्या राजघराण्यांत १५३० सालीं त्याचा जन्म झाला. तीन वर्षांचा असतां बाप गेला आणि आठव्या वर्षीं आई गेली. तिला विष घातलें अशी त्या काळीं वदंता होती. पुढचें बाळपण बोयार म्हणजे रशियांतील बडे सरदार यांच्या आपसांतील भांडणांत गेलें. १५४७ च्या जानेवारींत त्यानें 'झार' ही पदवी घेऊन राज्याभिषेक करविला. या पदवीनें अभिषिक्त झालेला मॉस्कोचा हा पहिलाच राजा. पुढच्याच महिन्यांत अनास्तासिया रोमानोव्ना हिच्याशीं त्याचा विवाह झाला. १५५२ त त्यानें तातारांचें कझान घेतलें. आपल्याकडे अकबर राज्यावर आला त्याच सालीं, १५५६ त, आस्त्राखान घेतलें. येथवर सर्व यशाची कमान चढती. १५६० त अनास्तासिया वारली, १५६४ त जिवाभावाचा सरदार कुर्ब्स्की हा शत्रूस जाऊन मिळाला, आणि पुढच्या वर्षापासून राजानें राज्याचा मोठा हिस्सा स्वतःच्या खास अमलाखालीं घेऊन त्यावर आपल्या विश्वासाची एक निराळी फौज बसविली. या फौजेंतील लोकांना ओप्रिच्निक म्हणत. अंगांत काळे कपडे, घोड्याच्या खोगिराला कुत्र्याचें मुंडकें आणि झाडू: राजद्रोह्यांना चावावयाचें आणि झाडून काढावयाचें, असा त्याचा अर्थ. सात वर्षें हा प्रकार चालला. १५७० त नोव्हगोरोद शहराची कत्तल झाली. १५८१ त रागाच्या भरांत त्यानें स्वतःच्या वडील मुलाला असा प्रहार केला कीं त्यांत तो मेला. १५८४ त तो स्वतः मरण पावला.

'ग्रोझ्नी' या त्याच्या बिरुदाचें इंग्रजींत 'टेरिबल' असें भाषांतर रूढ झालें आहे, तें तितकेंसें बरोबर नाहीं. मूळ शब्द मेघगर्जना, वादळ या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. त्यांत दुष्टपणापेक्षां दरारा अधिक आहे. आपल्या भाषेंत 'उग्र' हा शब्द त्याच्या सर्वांत जवळचा. देवालाहि उग्र म्हणतां येतें आणि सासऱ्यालाहि.

आतां बोलपट. आरंभच राज्याभिषेकाचा आहे. देवळाच्या भिंतींवर साधुसंतांचीं प्रचंड चित्रें, त्यांचे टपोरे डोळे खालच्या माणसांवर रोखलेले. परदेशचे वकील एकमेकांच्या कानाला लागून कुजबुजत आहेत. तरुण राजाच्या मस्तकावरून सोन्याच्या नाण्यांची धार ओतली जात आहे. त्या सोहळ्यांत एक बाई अशी उभी आहे कीं तिच्या मुखावर आनंदाचा लवलेश नाहीं. ही एफ्रोसिन्या स्तारित्स्काया, राजाची चुलती. तिला आपला मुलगा व्लादिमीर गादीवर बसलेला पाहावयाचा आहे. मुलगा बिचारा भोळसट. त्याला राज्य नको, स्वस्थ झोंप हवी. चुलतीला पाहतांक्षणींच आमच्या काकू म्हणाल्या, "ही त्यांची आनंदीबाई दिसते!" धाकट्या सुनेनें तोंवर कांहींच सांगितलें नव्हतें.

खरोखर, हा बोलपट रशियाच्या राजकारणाचा म्हणून आम्ही पाहूं लागलों, आणि अर्ध्या तासांत तो भाऊबंदकीचा निघाला. कझानच्या स्वारीनंतर राजा आजारी पडतो. ही १५५३ सालची गोष्ट, इतिहासांतहि घडलेली. मरण जवळ आलें असें वाटून तो एकेका सरदाराला विनवितो कीं, माझ्या तान्ह्या मुलाशीं इमान राखण्याची शपथ घ्या. एकेक जण मान फिरवितो. पुजारी उघडा धर्मग्रंथ आणून राजाच्या चेहऱ्यावर पालथा ठेवतात, आणि त्या पानांच्या आडून त्याचा एक डोळा बाहेर पाहत असतो. कोण आपला आणि कोण परका, हें तो मोजीत आहे. घरांतील कर्तें माणूस अंथरुणाला खिळलें म्हणजे खोलीच्या दारापलीकडे जी कुजबुज सुरू होते, ती ज्यांनीं ऐकली आहे त्यांना या प्रसंगाला भाषांतर लागत नाहीं.

राजा बरा होतो. मग विषाचा पेला येतो. चुलती तो आडोशाला ठेवते, आणि आजारी राणी पाणी मागते तेव्हां राजा स्वतःच्याच हातानें तो पेला उचलून तिला देतो. विष घालणारा हात निराळा आणि पाजणारा हात निराळा! पुढें राणीच्या शवाजवळ बसून तो स्वतःलाच विचारतो कीं, आपण चालविलें आहे तें योग्य आहे काय, कीं ही देवानें दिलेली शिक्षा आहे? एका बाजूला पुजारी शोकाचीं वचनें वाचीत आहे, दुसऱ्या बाजूला माल्यूता हा विश्वासू सेवक फितुरांचीं नांवें वाचीत आहे. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. येथें पहिल्या रात्रीचा बोलपट संपण्याच्या बेतास आला. शेवटीं राजा मॉस्को सोडून दूर जाऊन राहतो आणि लोकांची रांग बर्फावरून नागमोडी वळणें घेत त्याला परत बोलावण्यास येते. पडद्याच्या वरच्या कोंपऱ्यांतून राजाचें तोंड आणि त्याची लांबलचक टोंकदार दाढी खालीं उतरते, आणि तिच्याखालीं तीं हजारों माणसें मुंग्यांसारखीं दिसतात. नातू म्हणाला, "दाढी केवढी आहे!" या दाढीची वाचकांनीं आठवण ठेवावी.

त्या रात्रीं निजानीज होण्यापूर्वीं दादांचें आणि काकूंचें थोडें वाजलें. दादांचें म्हणणें असें कीं, देश एकत्र बांधावयाचा तर सरदारांना वठणीवर आणल्यावांचून गत्यंतर नव्हतें. युरोपांत त्या शतकांत सर्वत्र हेंच चाललें होतें. काकू म्हणाल्या, "तें तुमचें राजकारण तुमच्यापाशीं ठेवा. ती बाई उगीच एवढी जळणार नाहीं. तिचें कांहींतरी झालें असलें पाहिजे." दादा हंसले. परंतु दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्यांनीं कपाटांतून पुस्तक काढलें, आणि सायंकाळीं जरा गंभीरपणें येऊन काकूंना सांगितलें कीं, तुमचें बरोबर होतें. एफ्रोसिन्येचा नवरा आंद्रेई हा इव्हानचा सख्खा चुलता. इव्हान लहान असतां राज्यकारभार त्याची आई पाहत असे. तिनें १५३७ सालीं या दिराला कैदेंत टाकलें आणि तो कैदेंतच मेला. एफ्रोसिन्या आणि तिचा लहानगा व्लादिमीर हींहि कांहीं वर्षें अटकेंत होतीं. बोलपटांत याचा उच्चार आम्हांस कोठें आढळला नाहीं. ज्या बाईचा नवरा जाऊबाईनें तुरुंगांत मारला, तिला केवळ गादीची हांवरट म्हणून दाखविणें हा आमच्या मतें या थोर कृतींतील एक ठळक दोष आहे. दिग्दर्शकाला तें ठाऊक नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा भाग पहिल्याहून काळोखा आहे. त्यांत राजा आपलें लहानपण सांगतो. सिंहासनावर एक पोर बसविलेलें आहे. त्याचे पाय जमिनीला पोंचत नाहींत, पायांखालच्या चौरंगाचा शोध घेत ते हवेंतल्या हवेंत चाचपडतात, आणि खालीं सरदार त्याच्या नांवानें भांडत आहेत. बोलपटांत मोठमोठे जनसमूह आहेत, लढाई आहे, मेजवान्या आहेत. पण आमच्या डोळ्यांपुढून ते दोन लहान पाय हालत नाहींत. पुढें माल्यूता पहिलीं तीन मुंडकीं उडवितो. राजा जिना उतरून येतो, प्रेतांपुढें टोपी काढतो, देवाची खूण करतो, आणि मग मान वर करून म्हणतो कीं हे फार थोडे झाले. अभिनय करणारा निकोलाय चेर्कासोव्ह हा नट त्या एका क्षणांत दोन माणसें होतो.

तितकाच विलक्षण प्रसंग चुलतीच्या अंगाईचा. व्लादिमीरला मांडीवर घेऊन ती एका काळ्या बीव्हराच्या शिकारीचें गाणें म्हणते. त्या प्राण्याच्या कातड्याचा अंगरखा माझ्या बाळाला राजा झाल्यावर शिवूं, असा त्या गाण्याचा आशय. आरंभीं मऊ असणारा तो सूर शेवटीं असा होतो कीं मुलगा भिऊन ओरडतो. संगीत प्रोकोफिएव्ह याचें आहे; आणि चुलतीचें काम करणारी सेराफिमा बिर्मान ही नटी इतकी प्रत्ययकारी आहे कीं आमच्या घरांतील सुनांनीं तिला दोन रात्रीं मनसोक्त नांवें ठेवलीं.

यानंतर मेजवानी. येथवर काळापांढरा असलेला बोलपट एकाएकीं रंगीत होतो. तांबडा, सोनेरी आणि काळा यांखेरीज रंगच नाहींत असें वाटतें. ही रंगीत फीत जर्मनांकडून युद्धांत हातीं लागलेली होती. ओप्रिच्निक नाचत आहेत. राजा व्लादिमीरला शेजारीं बसवून दारू पाजतो, गोड बोलतो. आणि तें भोळें पोर सांगून टाकतें कीं, तुला आज मारणार आहेत, मग मला गादीवर बसविणार आहेत. मग राजा हंसत हंसत त्याला आपलाच झगा चढवितो, मुगुट घालतो, सिंहासनावर बसवितो. क्षणभर व्लादिमीरच्या चेहऱ्यावर एक हंसूं येतें. त्याला राजेपण आवडूं लागतें! राजाला तें दिसतें, आणि आम्हांलाहि दिसतें. मग राजा म्हणतो, आतां राजाच्या वेषांत तूं पुढें हो, देवळांत प्रार्थनेला जाऊं. अंधाऱ्या देवळांत मारेकरी टपलेला आहे. त्याला पाठमोरा राजा दिसतो, तो वार करतो. चुलती धांवत येते, राजा मेला म्हणून आनंदानें ओरडते, आणि गर्दी बाजूला सारून खरा राजा समोर उभा राहतो. ती पायांशीं पडलेलें शव उलटें करते.

मग ती तें मस्तक मांडीवर घेऊन तीच अंगाई पुन्हां गाऊं लागते.

माजघरांत कोणी बोलेना. काकूंनीं पदर डोळ्यांना लावला होता. दिवा लावल्यावर नातवानें विचारलें, "पण व्लादिमीरनें काय केलें होतें?" दादांनीं उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें आणि मिटलें. (इतिहासांत व्लादिमीरचा अंत देवळांत झाला नाहीं, १५६९ सालीं राजाज्ञेनें त्याला विष घ्यावें लागलें, आणि त्याच वर्षीं त्याच्या आईचाहि बळी घेतला गेला. म्हणजे मुलाच्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधूं गेल्यास तें अधिकच कठीण होतें.)

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आम्हांस येथें थोडें थांबवून हा बोलपट कसा झाला तें सांगावयाचें आहे. कारण नातवाचा हाच प्रश्न आमच्या माजघरापूर्वीं फार मोठ्या दिवाणखान्यांत निघाला होता, आणि तेथें त्याचें उत्तर तत्काळ मिळालें होतें.

१९४१ च्या जानेवारींत रशियाच्या राज्यकर्त्यांनीं आयझेनस्टाइनला इव्हानवर बोलपट काढण्याचें काम सांगितलें. स्टॅलिनला इव्हान आवडत असे. सरदारांना चिरडून मोठें राष्ट्र उभारणारा दूरदृष्टीचा राजा, असें त्याचें चित्र त्याला पडद्यावर हवें होतें. आयझेनस्टाइन हा 'बॅटलशिप पोटेम्किन' या १९२५ सालच्या मूकपटानें जगभर गाजलेला. पण मधल्या काळांत त्याचेंहि बरेंच कांहीं झालें होतें. १९३७ सालीं त्याचा एक बोलपट वरून हुकूम येऊन अर्ध्यावर बंद पडला आणि त्याला आपल्या चुकांची जाहीर कबुली द्यावी लागली. त्याचा नाट्यगुरु मेयरहोल्ड याला १९३९ त अटक झाली आणि १९४० च्या फेब्रुवारींत गोळी घालण्यांत आली. गुरूचे कागदपत्र मेयरहोल्डच्या घरच्यांनीं आयझेनस्टाइनकडे सोंपविले. ते त्यानें गांवाबाहेरच्या आपल्या घरांत लपवून ठेवले. सांपडले असते तर काय झालें असतें तें सांगावयास नको. असे कागद घरांत ठेवून हा मनुष्य सरकारी आज्ञेनें एका उग्र राजाच्या गौरवाचा बोलपट लिहावयास बसला, हें लक्षांत घेतल्याशिवाय त्याची कृति कळणार नाहीं असें आमचें मत आहे.

त्याच वर्षीं जूनमध्यें जर्मनांची स्वारी आली. मॉस्कोचा स्टुडिओ हजारों मैल दूर कझाकस्तानांत आल्मा-आता येथें हलविला गेला. १९४३ च्या एप्रिलमध्यें चित्रीकरण सुरू झालें तें बहुतेक रात्रीं; दिवसां वीज युद्धसामग्रीच्या कारखान्यांना लागे. त्या उपासमारीच्या काळांत लांकूड, कापड आणि प्लॅस्टर यांतून क्रेमलिनचीं दालनें उभीं केलीं गेलीं. दारें इतकीं ठेंगणीं कीं प्रत्येकाला वांकून आंत यावें लागतें, जणु कांहीं राजवाडाच माणसाची मान वांकवितो. आंतील दृश्यें आंद्रेई मॉस्क्विन यानें टिपलीं. भिंतीवर राजाची जी अवाढव्य सांवली पडते ती त्याची करामत. आयझेनस्टाइन प्रत्येक प्रसंगाचें चित्र आधीं कागदावर काढी आणि नटांना त्याप्रमाणें अंग पिळावयास लावी. चेर्कासोव्हनें पुढें आपल्या आठवणींत याविषयीं तक्रार केली आहे. हा उंच नट आणि दिग्दर्शक पुडोव्हकिन, ज्यानें या बोलपटांत एका वेड्या साधूचें छोटें काम केलें आहे, हे दोघेहि १९५१ च्या सुमारास हिंदुस्थानांत येऊन गेले होते.

पहिला भाग १९४५ च्या जानेवारींत पडद्यावर आला आणि पुढच्या वर्षीं त्याला स्टॅलिन-पारितोषिक मिळालें. १९४६ च्या २ फेब्रुवारीला दुसऱ्या भागाची जुळणी पुरी करून आयझेनस्टाइन त्या पारितोषिकाच्या मेजवानीला गेला, आणि तेथें नृत्य करीत असतांच त्याला हृदयविकाराचा झटका आला. तो रुग्णालयांत पडलेला असतां दुसरा भाग स्टॅलिनला दाखविण्यांत आला. त्याच वर्षीं ४ सप्टेंबरला पक्षाच्या मध्यवर्ती समितीनें ठराव केला कीं, दिग्दर्शकानें ओप्रिच्निकांना अमेरिकेंतील कू क्लक्स क्लॅनसारखी अधमांची टोळी म्हणून दाखविलें आहे, आणि दृढनिश्चयी इव्हानला हॅम्लेटसारखा दुबळा केलें आहे. बोलपट बंद झाला.

यांत आश्चर्य वाटण्याचें आपल्याला तरी कारण नाहीं. खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें तेव्हां कीचकाच्या वेषांत कर्झनसाहेब उभे आहेत हें पिटांतल्या प्रेक्षकालाहि कळलें, आणि १९१० त सरकारलाहि कळून नाटक बंद झालें. जुन्या कथेंत आजचा राजा पाहण्याची दृष्टि प्रेक्षकाला असते आणि राजालाहि असते. भेद एवढाच कीं, येथें राजानें स्वतःच आपलें चित्र काढावयास सांगितलें होतें.

आयझेनस्टाइन आणि चेर्कासोव्ह यांनीं भेटीची विनंति केली. १९४७ च्या २५ फेब्रुवारीला रात्रीं अकरा वाजतां त्यांना क्रेमलिनमध्यें बोलावणें आलें. समोर स्टॅलिन, मोलोतोव्ह आणि झ्दानोव्ह. या भेटींत काय बोलणें झालें तें दोघांनीं बाहेर पडल्यावर सांगून लिहवून घेतलें, म्हणून आज तें वाचावयास मिळतें. आणि आम्हीं वाचलेल्या बोलपटांच्या टीकांत याच्या तोडीची टीका दुसरी नाहीं. स्टॅलिन म्हणाला कीं, तुमचा राजा हॅम्लेटप्रमाणें डळमळीत आहे. सगळे त्याला काय करावें तें सांगतात आणि त्याचा निश्चय होत नाहीं. इव्हान क्रूर होता हें दाखविण्यास हरकत नाहीं, पण क्रूर होणें कां अवश्य होतें तेंहि दाखविलें पाहिजे. इव्हानची चूक कोणती? तर त्यानें पांच मोठीं सरदार-घराणीं समूळ निपटून काढलीं नाहींत. एकाला मारावें आणि मग दीर्घकाळ पश्चात्ताप करीत प्रार्थना करीत बसावें, असा त्याचा प्रकार; देव त्याच्या आड आला! नातवाच्या प्रश्नाचें उत्तर या दिवाणखान्यांत हें असें मिळालें.

मग बारीकसारीक गोष्टी निघाल्या. राजा आपल्या राणीचें चुंबन फार वेळ घेतो, तशी त्या काळची रीत नव्हती. आणि झ्दानोव्हला दाढी खटकली होती: आयझेनस्टाइनला सांवल्यांचा आणि इव्हानच्या दाढीचा फार सोस आहे, दाढी दिसावी म्हणून राजा वारंवार मान वर करतो. आयझेनस्टाइननें दाढी आंखूड करण्याचें कबूल केलें. ज्याचे मित्र आणि गुरु गेले, ज्याचें हृदय फाटावयास आलेलें, असा एकोणपन्नास वर्षांचा जगप्रसिद्ध मनुष्य मध्यरात्रीच्या सुमारास तीन सत्ताधीशांपुढें बसून एका मेलेल्या राजाच्या दाढीचीं बोटें मोजीत आहे, हें दृश्य कोणा नाटककाराला सुचलें असतें तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

दुरुस्तीला परवानगी मिळाली. घाई करूं नका, असेंहि सांगण्यांत आलें. आयझेनस्टाइननें घाई केली नाहीं. तो वर्षभर कांहींना कांहीं लिहीत, शिकवीत राहिला, आणि १९४८ च्या ११ फेब्रुवारीला पहांटे हृदयविकारानें मरण पावला. नुकतीं कोठें पन्नास वर्षें पुरीं झालीं होतीं.

तिसऱ्या भागाचें थोडें चित्रीकरण झालें होतें. तें बहुतेक नष्ट करण्यांत आलें, एकदोन तुकडे तेवढे उरले. कथालेख मात्र छापलेला असल्यामुळें आज वाचतां येतो. त्यांत एक प्रसंग आहे: भिंतीवर अंतिम न्यायाचें प्रचंड चित्र, त्याखालीं राजा जमिनीवर लोटांगण घालून पडला आहे, आणि एक साधु मारलेल्यांचीं नांवें एकामागून एक वाचीत आहे. राजा स्वर्गांतल्या राजाला जाब विचारतो. तो उत्तर देत नाहीं. तेव्हां हा आपला दंड त्या चित्रावर फेंकतो. पश्चात्ताप करणारा राजा स्टॅलिनला नको होता. आणि दिग्दर्शकानें तर त्या पश्चात्तापाचा प्रसंगच लिहून ठेवला होता.

ही कल्पना पदरची नव्हे. इव्हाननें आयुष्याच्या अखेरीस, मुलगा गेल्यानंतर, आपण मारविलेल्या माणसांच्या याद्या करवून त्या मठोमठीं पाठविल्या आणि त्यांच्यासाठीं प्रार्थना करावयास द्रव्य दिलें. त्या याद्या अभ्यासकांनीं पुन्हां जुळविल्या आहेत. तीन हजारांहून अधिक माणसें त्यांत येतात. नोव्हगोरोदचा हिशेब माल्यूताच्या सांगण्यावरून नोंदला आहे: हातानें मारलेले १४९०, बंदुकीनें १५. कित्येकांचीं नांवें ठाऊकच नव्हतीं. तेथें त्यांचीं नांवें, देवा, तुला ठाऊक आहेत, अशा अर्थाचे शब्द आहेत. दादांनीं हें वाचून दाखविलें तेव्हां काकू म्हणाल्या, "आपल्याकडे तर्पणांत ज्यांचें कोणी नाहीं त्यांनाहि पाणी देतात, तसेंच हें." मग थोड्या वेळानें म्हणाल्या, "पण आपण त्यांना मारलेलें नसतें."

दादांनीं आपलें मत सोडलें आहे असें वाचकांनीं समजूं नये. राज्य बांधणाऱ्याला जड हाताची गरज असते, हें त्यांचें म्हणणें आजहि कायम आहे. फक्त त्या आठवड्यांत जेवतांना एकदां ते मध्येंच म्हणाले कीं, व्लादिमीरला मी वर्गांत 'स्तारित्स्की पक्ष' म्हणून एका वाक्यांत शिकवीत असें. त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि आमटी पुढें गेली.

तेव्हां भगिनींच्या प्रश्नास आमचें उत्तर एवढेंच कीं, आमच्या घरीं बोलपट सर्वांनीं पाहिला. अगदीं लहान दोघींना मेजवानीपूर्वीं निजविलें होतें. ती खबरदारी अवश्य घ्यावी. मुलांनीं प्रश्न विचारले, आणि सर्वांचीं उत्तरें आम्हांला आलीं नाहींत. इव्हानची कबर १९६३ सालीं उघडली तेव्हां त्याच्या अस्थींत पारा सांपडला, अनास्तासियाच्या केसांत तर पुष्कळच सांपडला; त्यावरून तिला खरोखर विष दिलें होतें काय, यावर घरांत अद्याप वाद चालू आहे. त्या काळीं औषधांतहि पारा घालीत, असें धाकट्या सुनेचें म्हणणें. ती वैद्यकाची पदवीधर असल्यामुळें तूर्त तिचें पारडें जड आहे.

नातवाला मात्र शेवट हवा होता. स्टॅलिन १९५३ त वारला आणि दुसरा भाग १९५८ त, काढल्यावर बारा वर्षांनीं, लोकांना दाखविण्यांत आला, इतकें आम्हीं त्याला सांगितलें. त्यानें विचारलें, "मग दाढी आंखूड केली कां?" आम्हीं म्हटलें, तूंच पाहिलीस ना? तो उठला, पुन्हां चादर ताणावयास लावून तो देवळाचा प्रसंग लावला, आणि पडद्याजवळ जाऊन वितीनें मोजूं लागला.